वहीतलं चित्र भिंतीवर न्यायचंय: चौकटी, खाका की प्रोजेक्टर?

शाईपेन

मंडळी, गावच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपाला नवा गिलावा झालाय आणि आत शिरल्यावर डाव्या हाताची भिंत रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय अर्थातच दिंडी. वहीत ५ × ७ इंचांचं आडवं, पेनाने काढलेलं स्केच तयार आहे. पुढे वीणेकरी, मागे टाळकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, कडेला बाभूळ. समितीने त्याच कागदावर पसंतीच्या सह्या ठोकल्यात. भिंत १५ फूट रुंद, ९ फूट उंच. आजवर अर्ध्या इम्पिरियलपेक्षा (१५ × २२ इंच) मोठ्या कागदाला मी हात लावलेला नाही.

हे वर कसं न्यायचं? चौकटी आखू, प्रोजेक्टर भाड्याने आणू, की मोठ्या कागदावर खाका काढून, रेषांवर भोकं पाडून पुडीने छापू? आणि वहीतल्या रेषेची मजा मोठं करताना मरते म्हणतात, ते खरं का? आषाढीच्या आत संपवायचंय.

बिनपाण्याचा_ब्रश

प्रोजेक्टर. विषय संपला.

ढगाळ

विषय इतक्यात संपला तर आम्ही ऑफिसात दुपारभर करायचं काय? थांबा, गुरुजी येतीलच.

गणितगुरुजी

आलो. पद्धत कोणतीही घ्या, आधी हिशेब. ५ × ७ चा कागद या भिंतीत बसतच नाही. कागदाची रुंदी उंचीच्या १.४ पट आहे, भिंतीची १.६७ पट. तसंच ताणलंत तर झाडून सगळे वारकरी पोट सुटलेले दिसतील.

रुंदी तीच ठेवायची तर उंचीतले ४.२ इंचच वापरता येतात, बाकीचं ०.८ इंच कापावं लागेल. उंची तीच ठेवायची तर रुंदी ८.३ इंच हवी, म्हणजे १.३ इंच जागा नव्याने भरायची. भिंतीवर ती सुमारे २.४ फूट होते. मी दुसरा मार्ग घेईन. दिंडीच आहे, दोन वारकरी वाढले तर विठोबा रागावणार नाही.

यात चित्र २१.६ पट मोठं होतं. वहीत १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की भिंतीवर दोन सेंटिमीटरच्या वर फरक. पेनची अर्ध्या मिलिमीटरची रेघ तिथे करंगळीएवढी जाड. त्यामुळे "जसंच्या तसं" उतरवणं हा प्रकारच नसतो.

आणि आकडेमोड नको असेल तर सोपी युक्ती: स्केचचा कागद भिंतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बरोबर बसवा आणि त्याच्या कर्णावरून सुतळी ताणत न्या. सुतळी भिंतीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गेली तर प्रमाण जमलं. नाही गेली तर कुठे जाते ते बघा, किती वाढवायचं-कापायचं ते तिथेच कळतं.

शाईपेन

गुरुजी, सह्या झालेल्या कागदात दोन वारकरी वाढवले तर पुन्हा बैठक बोलवावी लागेल.

ढगाळ

त्या दोघांना अध्यक्ष आणि खजिनदारांचे चेहरे द्या. ठराव एकमताने मंजूर.

पडदेवाला

माझे वडील मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवायचे. शाळा सुटली की मी चौकटी आखायला जायचो. फोटोवर शाईने बारीक चौकटी, तेवढ्याच चौकटी ताणलेल्या कापडावर. रंगाच्या पुडीत घोळवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना घट्ट धरायची, तिसऱ्याने मधोमध चिमटीत उचलून सोडायची. फटकन सरळ रेघ उमटते. पट्टी लावून पंधरा फुटांची रेघ सरळ कुणाला येत नाही, दोरीला येते.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. शिकाऊ पोरं काय करायची, एका चौकटीत जे दिसेल ते तिथे उतरवायचं, मग शेजारची चौकट. चेहरा झाला की गालावर, कपाळावर सांधे दिसायचे. वडील काही न बोलता फडकं घेऊन ते झटकून टाकायचे. ते स्वतः बांबूच्या काठीला कोळशाचा तुकडा बांधून चार फूट लांब उभे राहायचे. चौकटी बघून फक्त खुणा करायच्या: भुवईचं टोक, नाकपुडीचा कोपरा, ओठांची दोन टोकं, कानाची पाळी, हनुवटी. मग चौकटींकडे न बघता भुवईपासून जबड्यापर्यंत एका दमात काठी फिरायची. मनगट हलतच नसे, सगळं खांद्यातून. वहीतली रेषा बोटांनी काढलेली असते, ती बोटांनीच भिंतीवर मोठी करायला गेलात की मरणारच.

माळरान

वा! या प्रतिसादासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं. वाचनखूण साठवली.

कोरा_कॅनव्हास

मला हे सगळं कुबड्या वाटतं. चौकटी घ्या, खाका घ्या, काहीही. श्रीकाळहस्तीचे कलमकारीवाले चिंचेच्या जळक्या काटकीने थेट कापडावर काढतात. वारली बायका तांदळाच्या पिठाने थेट भिंतीवर काढतात. कुणी आखल्या चौकटी? हात तयार असेल तर भिंत मोठी आहे की लहान याने फरक पडत नाही. आजकाल सगळ्यांना तयार उत्तर हवं.

सांजसावली

@कोरा_कॅनव्हास, वारलीत लहानाचं मोठं करायचा प्रश्नच येत नाही. दोन त्रिकोणांचा तो माणूस भिंतीच्याच मापात जन्मतो. शाईपेन यांची अडचण वेगळी आहे, त्यांचं चित्र आधी कागदावर जन्मलंय आणि त्यावर सह्या आहेत.

बाकी परंपरेचं म्हणाल तर नाथद्वाराचे पिछवाईवाले (श्रीनाथजींच्या मूर्तीमागचे चित्रपडदे रंगवणारे) पिढ्यान्‌पिढ्या खाके जपतात. भोकं पाडलेला कागद, त्यावर कोळशाच्या पुडीची पोटली. राजस्थानी आणि मुघल लघुचित्रकार हरणाच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कातड्यावर जुनं चित्र गिरवून घ्यायचे, त्याला चरबा म्हणतात. त्यावरून पुढची चित्रं. म्हणजे आपल्याकडचे नावाजलेले हातही खाका वापरत होते.

आणि सिस्टीन चॅपेलचं छत (१५०८ ते १५१२). मायकलअँजेलोने काही भागांत भोकांतून पूड झटकून, तर काही भागांत कागदावरून टोकदार हत्याराने ओल्या गिलाव्यात रेघ कोरून आकृत्या उतरवल्या. त्या कोरलेल्या रेघा आजही दिसतात. कुबड्या तर कुबड्या, पण छत बरं झालंय.

कोरा_कॅनव्हास

मायकलअँजेलोच्या मागे पोप हात धुऊन लागला होता.

पडदेवाला

शाईपेनच्या मागे आषाढी आहे.

गणितगुरुजी

चौकटींचं वय तर त्याहून कितीतरी जास्त. प्राचीन इजिप्तमध्ये थडग्यांच्या भिंतींवर लाल रंगाच्या दोरीने चौकटी मारायचे आणि उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटींत बसवायचे. अर्धवट राहिलेल्या थडग्यांत त्या चौकटी अजून शाबूत आहेत. तिथे चौकट हा शरीराच्या प्रमाणाचा नियमच होता, नुसतं मोठं करायचं साधन नाही.

यारा_नदीकाठ

मेलबर्नहून. इथे मोठमोठ्या भिंती रंगवणारी बरीच मंडळी चौकटी आखतच नाहीत. भिंतीवर आधी पातळ रंगाने वाटेल ते गिरबटतात: आकडे, फुल्या, गोल, वेटोळी, कुणाकुणाची नावं. मग समोरून भिंतीचा फोटो काढतात आणि मोबाईलवर त्यावर आपलं स्केच अर्धपारदर्शक करून ठेवतात. नाकाचं टोक कुठे, तर त्या वाकड्या सातच्या पोटात. डोळा कुठे, तर फुलीच्या उजवीकडे. प्रत्येक खूण वेगळी असल्यामुळे चौकटी मोजताना होतो तसा घोळ होत नाही.

शाईपेन

हे भारी आहे, पण मंदिराच्या भिंतीवर दोन दिवस वेटोळी आणि फुल्या दिसल्या तर गावात काय चर्चा होईल याची कल्पना करा.

ढगाळ

अमावास्या धरून काढा. नारळ-लिंबं फुकट मिळतील.

ठिपका

मी रांगोळीत व्यक्तिचित्रं काढते, त्यातलं एक इथे लागू पडेल. जमिनीवर दोरा ताणून चौकटी घेतो आम्ही, पण बघणारा पायथ्याशी उभा असतो. त्याला चित्र तिरकं दिसतं, कपाळ लांब आणि हनुवटी जवळ. चौकटी चौरस ठेवल्या तर चेहरा चेपलेला वाटतो. म्हणून वर जाऊ तशी चौकटीची उंची थोडी थोडी वाढवायची, रुंदी तीच. वरून फोटो काढला तर चेहरा लांबोळका येतो, पायथ्याशी उभं राहिलं की बरोब्बर.

तुमच्या सभामंडपात लोक बसून भजन करणार ना? मग बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. नऊ फुटांच्या वरच्या भागातले चेहरे खालून बघताना दबतात. सगळ्यांत वरच्या दोन ओळी इंच-दोन इंच वाढवून बघा. आधी वर्तमानपत्रावर एक डोकं त्या मापाचं काढून भिंतीला चिकटवा आणि खाली मांडी घालून बसा.

शाईपेन

हे डोक्यातच आलं नव्हतं. वीणेकऱ्याचं पागोटं आणि वृंदावन नेमकं तिथेच येतंय.

कशिदा

खाक्याचा विषय निघालाच आहे तर आम्हा भरतकाम करणाऱ्यांची कृती सांगते, भिंतीलाही तीच. बटर पेपर किंवा जाड खाकी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढायचं. खाली घडी घातलेली घोंगडी. सुई बुचात किंवा पेन्सिलीच्या लाकडात खोचून रेषेवर तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने भोकं. लांब सरळ रेषा असेल तर मशीनमधला दोरा काढून टाकायचा आणि कागद तसाच शिवून घ्यायचा, भोकं एकसारखी पडतात. शिंप्याचं दातेरी चाकही चालतं, पण जाड कागदात ते आरपार जात नाही.

सगळे विसरतात ते हे: भोक पाडल्यावर मागच्या बाजूला कागदाचा बारीक उंचवटा राहतो. तो गुळगुळीत पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचा. नाही घासला तर भोक पुन्हा मिटतं, पूड पलीकडे जात नाही आणि माणूस जोरात पोटली आपटतो, मग सगळीकडे काळं.

पोटली मलमलच्या दुहेरी फडक्याची, आत वस्त्रगाळ कोळसा. घासायची नाही, टिपायची. कपड्यावर आम्ही रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने छापायचो (रॉकेल आता शोधून सापडत नाही), पण भिंतीवर ओलं काही नको, कोरडी पूडच. ठिपके उमटले की पातळ रंगाने जोडून घ्यायचे आणि उरलेली पूड पिसाने झटकायची.

एकच खाका उलटा केला की आरशातली प्रतिमा मिळते. कमानीच्या दोन्ही बाजूंचे मोर, खालची वेलबुट्टी, सगळं अर्ध्या कष्टात.

बिनपाण्याचा_ब्रश

मी वर एका शब्दात उत्तर दिलं म्हणून बहुतेक कुणी मनावर घेतलं नाही. एका शाळेची भिंत मी प्रोजेक्टरवर केली आहे, तेव्हा फायदे-तोटे दोन्ही सांगतो. साध्या प्रोजेक्टरला १५ फूट रुंद चित्र पाडायला वीस-बावीस फूट मागे जावं लागतं. सभामंडपात मधे खांब असणारच, त्यांची सावली चित्रात येते. मग अर्धं-अर्धं पाडून जोडायचं, आणि जोडावरच घोटाळे. प्रोजेक्टर भिंतीला काटकोनात नसेल तर चित्र एका बाजूला फाकतं. स्केचमध्ये एक चौरस काढून ठेवा, भिंतीवर त्याचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. सारखे आले तरच पेन्सिल उचला. शिवाय काम रात्रीच, आणि कुणी दार उघडून "काय चाललंय" विचारायला आला की धक्का लागून सगळं हलतं.

पण एका रात्रीत सगळी मांडणी वर जाते, हे कुठल्याही खाक्याला जमणार नाही.

माळरान

अवांतर: अजिंठ्याच्या नकला केल्या त्या कशा केल्या असतील? तिथे तर अंधारच.

सांजसावली

अवांतराला अवांतर. पहिल्या मोठ्या नकला रॉबर्ट गिलच्या, त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुढे बरीच वर्षं पुन्हा काम केलं, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. त्यात भर म्हणजे चित्रं नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश मारलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं. नक्कल जळाली आणि अस्सल पिवळं झालं, असा तो व्यवहार.

मूळ चित्रकारांनी तिथे गेरूसारख्या तांबड्या रेषेने आकृत्या बांधल्यात. जिथे वरचा रंग उडालाय तिथे ती रेषा दिसते. अशी रेषा घाबरत-घाबरत गिरवलेल्या हाताला येत नाही.

कोरा_कॅनव्हास

हेच तर मी म्हणत होतो!

सांजसावली

नाही, तुम्ही साधनांना नावं ठेवत होता. मिलानच्या अँब्रोसियानात राफाएलच्या "स्कूल ऑफ अथेन्स" या भित्तिचित्राचा पूर्ण मापाचा कोळशाचा कागद आहे, आठ मीटर लांब, पुष्कळ ताव जोडून केलेला. आकृत्या आहेत, मागची कमान मात्र नाही, आणि समोर पायऱ्यांवर हनुवटीला हात लावून बसलेला माणूस त्या कागदावर नाहीच. तो नंतर भिंतीवर आला. इतका चोख कागद करूनही भिंतीसमोर उभं राहिल्यावर बदल करायला त्याने मागेपुढे पाहिलं नाही.

कोरा_कॅनव्हास

बरं. एवढं मान्य. पण शाईपेन, एक विनंती: लहान स्केचवरून थेट भिंतीवर उडी मारू नका. मधे एकदा ड्रॉइंग शीटवर, दोन-अडीच फुटांत, कोळशाने काढा. वहीत टाळकऱ्यांच्या पायांमधली जागा नखाएवढी असते, तिथे काही नसलं तरी खपतं. भिंतीवर ती जागा फूटभर होते आणि भकास दिसते. तिथे धूळ, सावली, एखादं धोतराचं टोक लागणार, हे मधल्या मापात कळतं.

पडदेवाला

आत्ता कसं बोललात!

शाईपेन

सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: आधी मधल्या मापाचं कोळशाचं चित्र, वाढीव वारकऱ्यांसकट. भिंतीवर फूट-फुटाच्या चौकटी, चेहऱ्यांपाशी अर्ध्या फुटाच्या. चौकटींतून फक्त खुणा घेऊन उभ्या आकृत्या काठीने. वीणा, मृदंग आणि खालची वेलबुट्टी खाक्याने, कारण वीणेच्या भोपळ्याचा गोल माझ्याने मोकळ्या हाताने येत नाही. दोन शंका. मूळ कागदावर सह्या असल्यामुळे त्यावर चौकटी मारता येणार नाहीत. आणि दोरीला लावायची पूड कोणती?

गणितगुरुजी

कागदावर पारदर्शक शीट ठेवा, चौकटी तिच्यावर. ८.३ इंचांचे १५ भाग म्हणजे चौकट साधारण १४ मिलिमीटरची. आडव्या ओळींना आकडे, उभ्यांना अक्षरं. अक्षरांत ङ आणि ञ वगळा, मदतीला घेतलेल्या मुलांना हाक मारून सांगताना घोटाळा होतो.

पडदेवाला

पूड कोळशाचीच, ती शेवटी झटकून जाते. लाल पूड पांढऱ्या धोतरांतून वर डोकं काढत राहते. बॉलपेन आणि जांभळी कॉपिंग पेन्सिल भिंतीच्या आसपासही नको, रंगाचे तीन हात मारले तरी वर फुटतात. चेहऱ्याच्या खुणांना पेन्सिल फार दाबू नका.

कशिदा

आणि गिलावा नवा आहे म्हणालात. सिमेंटचा असेल तर पाणी मारून झाल्यावर महिनाभर तरी वाळू द्या, मग क्षार अडवणारं प्रायमर. आमच्याकडच्या मंदिरात घाई केली, तर पहिल्या पावसाळ्यातच पांढरी खार फुटून रंगाचे पोपडे निघाले. खाका कितीही सुबक केला तरी भिंतच सोडायला लागली तर काय उपयोग?

शाईपेन

सिमेंटचाच आहे, वाळायला वेळ आहे. आत्ता अध्यक्षांचा फोन येऊन गेला. वारकरी वाढवायला हरकत नाही म्हणाले. फक्त खालची एक फूट पट्टी देणगीदारांच्या नावांसाठी सोडायची आहे.

गणितगुरुजी

म्हणजे भिंत १५ × ८. उंची ५ इंच ठेवली तर स्केचची रुंदी आता ९.४ इंच, चित्र १९.२ पट. नवी जागा २.४ इंच, भिंतीवर पावणेचार फुटांच्या आसपास. दोनाऐवजी चार वारकरी लागतील. आणि चौकटी आता १५ × ८, शीटवरची चौकट १४ ऐवजी साधारण १६ मिलिमीटरची.

ढगाळ

देणगीदार वाढले तसे वारकरी वाढले. बाभळीखाली चहाची टपरीपण घ्या, जागा आहे.

पडदेवाला

ती पट्टी हलक्यात घेऊ नका. नावं चित्राच्या तळाशी येणार, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर आधी तीच. अक्षरं तीन इंचांच्या वर नेऊ नका आणि काळ्याऐवजी चित्रातल्याच गडद तपकिरीत लिहा. एका ओळीत किती नावं ते आधी पेन्सिलने कागदावर मांडा, मागाहून एखादा देणगीदार वाढतोच, त्याला उजवीकडे जागा ठेवा.